धुळीवर खापर, धुराला माफी

उज्जैनच्या हवेबद्दल तक्रार केली की ठरावीक उत्तरं मिळतात. ‘ही माळव्याची धूळ आहे, ती शिंद्यांच्या काळातही उडत होती.’ ‘आधी दिल्लीला जाऊन या, मग बोला.’ ‘हवेनं माणूस मेला असं कुठल्या दाखल्यावर लिहिलंय?’ ‘आपल्याला सवय आहे, काही होत नाही.’ ‘सिंहस्थ होऊन जाऊ द्या, सगळं चकाचक होईल.’ आणि आवाज खाली आणून दिलेलं शेवटचं उत्तर: ‘महाकालाच्या नगरीत धुराला नावं ठेवू नयेत.’ ही उत्तरं चहाच्या टपरीवर ऐकू येतात आणि साहेबांच्या केबिनमध्येही. त्यांतलं एक तर केंद्रीय मंत्र्यांच्या तोंडून साऱ्या देशानं ऐकलं आहे. ती सगळी इथे एकेक करून तपासायची आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शहरांतल्या हवेत सर्वांत घातक आहेत ते जळण्यातून निघणारे बारीक कण. सरकार, महापालिका आणि आपण नागरिक, सगळ्यांनी मिळून धुळीवर खापर फोडलं आहे आणि धुराला माफी देऊन टाकली आहे.

उज्जैनची हवा बिघडली आहे, हे काही कुणा उपटसुंभ पर्यावरणवाद्याचं मत नाही. जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. तेव्हा मध्य प्रदेशातली सहा शहरं यादीत आली: भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, सागर आणि उज्जैन. राष्ट्रीय मर्यादा वर्षानुवर्षं ओलांडणाऱ्या शहरांचीच ही यादी आहे. मर्यादाही काही कडक नाही. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, म्हणजे पीएम10 साठी, वार्षिक सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, म्हणजे पीएम2.5 साठी, 40. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये ठरवलेले आकडे अनुक्रमे 15 आणि 5 आहेत. म्हणजे बारीक कणांच्या बाबतीत आपली मर्यादा जागतिक शिफारशीच्या आठपट सैल आहे, आणि तरी आपण यादीत आहोत.

आता पहिलं उत्तर घेऊ: धूळ नैसर्गिक आहे. धूळ आहेच. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, चैत्र-वैशाखात वारा सुटला की क्षिप्रेच्या काठावर उभं राहवत नाही. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ हे कुणी ठरवलं? उत्तर शोधायला लांब जायला नको. उज्जैन संभागातल्याच मंदसौरचा दगड घ्या. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाटीवरच्या पेन्सिलीनं ‘श्री’ गिरवायला शिकल्या, त्यातल्या कितीतरी पेन्सिली मंदसौरच्या कारखान्यांत कापल्या गेल्या. दगड नैसर्गिक, त्याची भुकटीही नैसर्गिक. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय स्वास्थ्य संस्थेच्या संशोधकांनी तिथले 593 कामगार तपासले. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस निघाला. फुप्फुसात जाऊन बसलेली सिलिकाची भुकटी बाहेर येत नाही आणि त्या रोगावर औषध नाही. या कामगारांसाठी मध्य प्रदेश सरकारला 1982 मध्ये स्वतंत्र कल्याण कायदा करावा लागला. झाबुआ आणि अलीराजपूरच्या आदिवासींची गोष्ट तर याहून अलीकडची. गुजरातमधल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेलेले लोक खोकत परतले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 238 मृत्यूंबद्दल प्रत्येकी तीन लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश गुजरात सरकारला दिला. माळव्यानं आणि शेजारच्या डोंगरपट्ट्यानं धुळीचे बळी मोजले आहेत. त्याच माळव्यात बसून धुळीला निर्दोष ठरवणं शोभत नाही.

शिवाय शहरात उडते ती धूळ शेतातली उरलेली नसते. केडी गेट ते इमली तिराहा हा जुन्या उज्जैनमधला रस्ता रुंद करायला घेतला तेव्हाचं चित्र आठवा. घरांच्या पुढच्या भिंती पाडलेल्या, विटा-चुन्याचा मलबा दारातच, नाल्यासाठी खणलेली माती रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेली. त्या ढिगाची कड चाकाखाली येते, टेंपो जातो, मग ई-रिक्षा, मग वाळूचा डंपर. सकाळचं ढेकूळ संध्याकाळपर्यंत मैद्यासारखं दळलं जातं. दुकानदार मगानं पाणी शिंपडतो, ते अर्ध्या तासात सुकतं. त्या भुकटीत आता माती तर असतेच, वर सिमेंट, टायरचं झिजलेलं रबर, ब्रेकच्या पट्ट्यांतले धातू आणि डिझेलची काजळी मिसळलेली असते. ही धूळ निसर्गाची म्हणायची असेल, तर मग टेंपोही निसर्गाचा म्हणावा लागेल.

आणि ही धूळ उडू द्यायला कायद्याची परवानगी नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं जानेवारी 2018 मध्ये अधिसूचना काढून, जिथे कणांचं प्रमाण मर्यादेबाहेर आहे अशा शहरांत बांधकामाच्या धुळीचे नियम सक्तीचे केले. माती, वाळू, मलबा उघडा ठेवायचा नाही. वाहतूक झाकून करायची. बांधकामाला वारा अडवणारा आडोसा हवा. पाणी मारण्याची सोय हवी. उज्जैन यादीत आहे, म्हणजे हे नियम उज्जैनला लागू आहेत. नियम मोडणारा ठेकेदार जर महापालिकेचाच असेल, तर नोटीस कोण कुणाला बजावणार? माळव्याच्या मातीला दोष देण्यापेक्षा हा प्रश्न विचारणं जास्त फायद्याचं आहे.

पण धुळीची एवढी उलटतपासणी केल्यावरही मुख्य आरोपी मोकळाच राहतो. माणसाचा केस जाडीला साधारण 50 ते 70 मायक्रॉन असतो. दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण बरेचसे नाकात, घशात, श्वासनलिकेत अडतात, तिथे त्रास देतात, काही खोकल्याबरोबर बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनच्या खालचे कण फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म थेट रक्तात उतरतात. म्हणून खराब हवेचं दुखणं फक्त दम्याच्या रुग्णाचं नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि मग हृदयविकाराचा झटका येतो, पक्षाघात होतो. फुप्फुसाचा कर्करोग आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ऑक्टोबर 2013 मध्ये बाहेरच्या हवेतलं प्रदूषण आणि त्यातले कण माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गटात घातले. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे.

हे बारीक कण येतात कुठून? बहुतांश जळण्यातून. ट्रक, बस आणि जनित्रांचं डिझेल. वीटभट्ट्या. कचोरी-जिलेबीच्या दुकानांमागच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या. कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेला कचरा. चक्रतीर्थाच्या स्मशानात दिवसरात्र जळणारं लाकूड. एप्रिलमध्ये गव्हाची कापणी झाली की शेतात पेटवलेली नरवाई, म्हणजे पिकाचे उरलेले खुंट. थंडीत चौकाचौकांतल्या शेकोट्या. देवास गेटच्या बसस्थानकासारख्या ठिकाणी रात्री उशिरा अशी एखादी शेकोटी जवळून पाहा. लाकूड दोन तासांत संपतं. नंतर थर्मोकोलची खोकी जातात, पाण्याच्या बाटल्या जातात, कुणीतरी टायरचा तुकडा आणून टाकतो आणि त्या शेकोटीभोवती रिक्षावाले, हमाल, रात्रीच्या बसची वाट पाहणारी लेकुरवाळी बाई बसलेली असते. त्यांना गॅस-हीटर द्या असं म्हणायचा मूर्खपणा मी करणार नाही. पण रात्रनिवाऱ्यात जागा आणि सुकं लाकूड एवढं तरी महापालिकेनं द्यावं, ही काही चैनीची मागणी नाही.

माळव्याच्या रात्रीचं कौतुक हिंदुस्थानभर आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी म्हण आहे. पठारावरची ती थंड, निवांत रात्रच हिवाळ्यात घात करते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन झपाट्यानं गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार, त्यामुळे धूर वर चढत नाही. संध्याकाळी सोडलेला धूर पहाटेपर्यंत गल्लीतच राहतो. नेमक्या त्याच पहाटे भाविक भस्म आरतीच्या रांगेत असतात, झाडूवाल्या बायका रस्त्यावर असतात आणि शाळेच्या रिक्षा सुटायच्या असतात.

‘महापालिका काही करत नाही असं नाही’, हेही उत्तर मिळतं. करते की. यंत्रानं रस्ते झाडते, तोफेसारख्या यंत्रातून पाण्याचं धुकं उडवते, दुभाजकांवर झाडं लावते. प्रश्न असा की हेच का? कारण स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराची प्रगती मोजली जाते ती पीएम10 वर. जाड धूळ खाली बसली की आकडा सुधारतो. बारीक धूर तसाच राहिला तरी प्रगतिपुस्तकावर लाल शेरा पडत नाही. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं जुलै 2024 मध्ये या कार्यक्रमाचा देशभरातला हिशेब मांडला. खर्चापैकी 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता, वाहनांवर सुमारे 12.6 टक्के आणि उद्योगांच्या प्रदूषणावर 0.61 टक्का. शंभर रुपयांतला एक रुपयाही कारखान्यांच्या धुराकडे वळला नाही. शंभरातले चौसष्ट झाडूला. ज्या आजारानं माणूस मरतो तो सोडून जो आजार दिसतो त्यावर औषध दिलं, तर त्याला उपचार म्हणत नाहीत.

इंदूर आणि अमरावती या आपल्या ओळखीच्या शहरांनी केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात पहिले क्रमांक मिळवले, त्याचा आनंद मलाही आहे. पण त्या परीक्षेत बहुतेक गुण केलेल्या उपायांना असतात. हवेतले कण प्रत्यक्ष किती कमी झाले याला अगदी थोडे. आणि तिथेही पीएम10 च. पदक मिळणं आणि हवा श्वास घेण्याजोगी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पदक मिळवणाऱ्या शहरांनीही ध्यानात ठेवलेलं बरं.

धुराला माफी कशी मिळते याचा नमुना 2025 या एकाच वर्षात पाहायला मिळाला. 2024 च्या खरिपानंतर पिकांचे अवशेष जाळण्याच्या नोंदींत मध्य प्रदेशानं पंजाबलाही मागे टाकलं होतं. तेव्हा काही करायला हवं होतं यात शंका नाही. एप्रिल 2025 मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी घोषणा केली की 1 मेपासून जो शेतकरी नरवाई जाळेल त्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ मिळणार नाही आणि त्याचं धान्य हमीभावानं घेतलं जाणार नाही. यादव स्वतः उज्जैन दक्षिणचे आमदार आहेत, म्हणजे हा धूर त्यांच्याही मतदारसंघात येतो. पुढे जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या बहुसंख्य औष्णिक वीजकेंद्रांना गंधक-वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. डिसेंबर 2015 मध्ये घातलेली ती अट मुदतवाढ घेत घेत दहा वर्षं लांबली आणि शेवटी निकालात निघाली. चिमणीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड हवेत अमोनियाशी मिळून सल्फेटचे बारीक कण बनवतो आणि ते कण शेकडो किलोमीटर जातात. खंडव्याजवळचं 2520 मेगावॉटचं श्री सिंगाजी वीजकेंद्र उज्जैनपासून फार दूर नाही. काडी ओढणाऱ्या शेतकऱ्याचा हमीभाव बंद आणि कोळसा जाळणाऱ्या चिमणीला मुभा. नरवाई जाळणं चूकच. पण शिक्षा धुराच्या प्रमाणात होणार की ज्याचा आवाज लहान त्याला जास्त?

आता दिल्लीचं उत्तर. ‘तिकडे निर्देशांक चारशेवर जातो, इथे शंभराच्या आत असतो, मग कसली ओरड?’ 2015 पासून आपल्याकडे वापरात असलेला हवा गुणवत्ता निर्देशांक पाहा. पीएम2.5 ची चोवीस तासांची सरासरी 60 पर्यंत असली तरी तो हवेला ‘समाधानकारक’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा 15 आहे. म्हणजे चौपट धूर असला तरी फलकावर हिरवा रंग. आणि मुळात नुकसान धुराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. प्रदूषण कमी असतं तिथे प्रत्येक वाढीव मायक्रोग्रॅमचा घाव जास्त खोल असतो. फार वरच्या पातळीला गेल्यावर तो आलेख सपाट होत जातो. जुलै 2024 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये भारतातल्या दहा शहरांचा अभ्यास आला. पीएम2.5 दहा मायक्रोग्रॅमनं वाढलं की रोजचे मृत्यू दहा शहरांत सरासरी 1.42 टक्क्यांनी वाढत होते. बेंगळुरूत मात्र तीन टक्क्यांहून अधिक. ज्या शहराच्या हवेचं आपण कौतुक करतो तिथे धुराचा घाव सरासरीच्या दुपटीहून मोठा. तेव्हा ‘आम्ही दिल्ली नाही’ हे मधल्या पातळीवरच्या शहराचं संरक्षण होत नाही, उलट तिथे थोडा धूर कमी केला तरी जास्त माणसं वाचतात. उज्जैननं दिल्लीशी तुलना करून समाधान मानणं म्हणजे फायद्याचा व्यवहार हातचा घालवणं.

सगळ्यांत निर्ढावलेलं उत्तर दाखल्याचं. नोव्हेंबर 2017 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री हर्षवर्धन म्हणाले की मृत्यूच्या कुठल्याही दाखल्यावर प्रदूषण हे कारण लिहिलेलं नसतं. ते स्वतः डॉक्टर. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत प्रकाश जावडेकरांनी सांगितलं की प्रदूषणामुळे आयुष्य कमी होतं असं दाखवणारा एकही भारतीय अभ्यास नाही आणि लोकांत भीती पसरवू नये. जावडेकर पुण्याचे, म्हणून मराठी माणसानं तरी त्यांना उत्तर द्यायला हवं.

दाखल्यावर ‘तंबाखू’ असंही लिहिलेलं नसतं. तिथे ‘हृदयविकार’ किंवा ‘फुप्फुसाचा कर्करोग’ लिहितात. म्हणून तंबाखू निर्दोष ठरत नाही आणि सरकारही पाकिटावर चित्र छापायचं थांबवत नाही. 5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं बसलं आणि सुमारे चार हजार माणसं जास्तीची मेली. पुढच्या तीन महिन्यांतले जादा मृत्यू सरकारनं इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले. पुढे संशोधकांनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा एकूण बळींचा अंदाज बारा हजारांपर्यंत गेला. धूर कागदावर नेहमीच दुसऱ्या कुणाच्या नावानं वावरतो. आपल्याकडे सिलिकोसिसला वर्षानुवर्षं टीबी म्हटलं गेलं, हाही त्याचाच प्रकार. आणि आता तर दाखल्याचाही आधार उरलेला नाही. 2013 मध्ये वारलेल्या लंडनच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूची फेरचौकशी झाली. 16 डिसेंबर 2020 रोजी तिथल्या मृत्यू-अन्वेषकानं तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं. लिहायचं ठरवलं तर लिहिता येतं.

भारतीय अभ्यास नाही म्हणता? जावडेकर बोलले त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, डिसेंबर 2018 मध्ये, सरकारच्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागानं झालेला राज्यवार अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 2017 या वर्षात देशात 12.4 लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी जोडता येतात आणि ही हवा नसती तर सरासरी आयुर्मान 1.7 वर्षांनी जास्त असतं, हा त्याचा निष्कर्ष. त्याच अभ्यासमालेतला 2019 चा आकडा 16.7 लाखांचा आहे. मंत्र्यांनी आपल्याच सरकारच्या परिषदेचं संशोधन वाचलं नव्हतं किंवा वाचून बाजूला ठेवलं होतं. दोन्ही वाईट. आणि दहा शहरांचा जो अभ्यास वर सांगितला, तो बेतला होता महापालिकांच्या मृत्यू-नोंदींवर, सुमारे 36 लाख मृत्यूंवर. म्हणजे ज्या दाखल्यांत काही सापडत नाही म्हणतात, त्या दाखल्यांतूनच सापडलं. त्या दहा शहरांत मिळून वर्षाला सुमारे 33 हजार मृत्यू जागतिक मर्यादेवरच्या पीएम2.5 शी निगडित निघाले. मुंबईचे सुमारे 5100, पुण्याचे सुमारे 1400. उज्जैन त्या दहांत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

सवयीच्या उत्तरासाठी फार वेळ नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं 2002 ते 2005 या काळात दिल्लीतल्या 36 शाळांतली 11,628 मुलं तपासली. 43.5 टक्के मुलांच्या फुप्फुसांची क्षमता कमी निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांत ते प्रमाण 25.7 टक्के होतं. दिल्लीतली मुलं त्याच हवेत जन्मली, वाढली. सवय व्हायची असती तर त्यांना झाली असती. नाक सवय करून घेतं, फुप्फुस घेत नाही.

राहिलं शेवटचं, नाजूक उत्तर. मी श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांतला नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं आणि महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या भाविकांची रीघ तेव्हापासून आहे. पण धूप, उदबत्ती आणि हवनाचा धूर फुप्फुसात गेल्यावर मंत्र आठवत नाही. त्याचा पहिला फटका बसतो तो बंद गाभाऱ्यात तासन्‌तास उभं राहणाऱ्या पुजाऱ्यांना. फटाक्यांचं तसंच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं 2016 मध्ये विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन दिवाळीच्या फटाक्यांचा धूर मोजला. आवाज न करणारी, लहान मुलांच्या हाती बिनधास्त दिली जाणारी नागगोळी पीएम2.5 मध्ये पहिली आली, घनमीटरला 64,500 मायक्रोग्रॅम. पोर वाकून पाहतं तिथे.

आणि श्रद्धेच्या जागी मोजमाप चालत नाही असं म्हणणाऱ्यांना महाकालाच्याच मंदिरानं उत्तर दिलेलं आहे. शिवलिंगाची झीज होते आहे असं दिसल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुरातत्त्व आणि भूगर्भ खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि 2017 मध्ये नवे नियम आले. प्रत्येक भाविकानं अर्धा लिटर शुद्ध केलेलंच पाणी वाहायचं, पंचामृत सव्वा लिटरच्या वर नाही, भस्म आरतीच्या वेळी लिंगावर कोरडं सुती कापड घालायचं. परंपरा मोडली का? रांग कमी झाली का? पाषाण झिजतो म्हणून तज्ज्ञ बोलावता येतात, मापं ठरवता येतात, तर त्या पाषाणापुढे उभ्या असलेल्या माणसाचं फुप्फुस झिजू नये म्हणून ती का ठरवता येऊ नयेत? गाभाऱ्यात हवा खेळती ठेवणं, धुराचं प्रमाण बांधून घेणं, पुजाऱ्यांची वर्षातून एकदा फुप्फुस-तपासणी करणं, यातलं काहीही अधार्मिक नाही.

‘सिंहस्थ होऊन जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं: 2028 च्या चैत्र-वैशाखात कोट्यवधी माणसं या शहरात येतील तेव्हा कापणी झालेली असेल, नरवाई पेटलेली असेल, वाहनांच्या रांगा इंदूर आणि देवासच्या रस्त्यांवर लागलेल्या असतील आणि उरलेसुरले ठेके घाईघाईनं उरकले जात असतील. सगळ्यांत वाईट हवा आणि सगळ्यांत जास्त माणसं एकाच वेळी. नाशिककरांनीही हे वाचावं, कारण नाशिकचं सिंहस्थ त्याआधीच आहे आणि नाशिकही त्याच स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. धार्मिक गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून आपण आराखडे करतो, पाण्याची तपासणी करतो, साथीसाठी खाटा राखून ठेवतो. हवेचं नाव त्या आराखड्यात कुठे आहे?

मागण्या साध्या आहेत. पहिली मोजमापाची. प्राचीन ज्योतिष्यांनी ज्या शहरापासून रेखांश मोजले, ज्या शहरातली सवाई जयसिंहाची वेधशाळा 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त केली आणि गोविंद सदाशिव आपट्यांच्या हाती सोपवली, त्या शहराला हवा मोजायचं वावडं असण्याचं कारण नाही. केंद्रीय यादीत उज्जैनचं स्वयंचलित केंद्र ‘महाकालेश्वर मंदिर’ या नावानं आहे. तेवढ्यावर भागणार नाही. मक्सी रोडच्या औद्योगिक भागात, देवास रोडवर, नव्या वसाहतींत आणि जिल्ह्यातल्या नागद्यात पीएम2.5 रोज मोजलं जावं आणि आकडा निर्देशांकाच्या रंगाआड न लपवता चौकातल्या फलकावर लागावा. दुसरी पैशाची. स्वच्छ हवेच्या निधीतला किती पैसा झाडूवर आणि किती धुरावर गेला, हे महापालिकेनं दरवर्षी छापावं. भट्ट्यांना गॅसची जोडणी, कचरा जाळण्यावर खरोखरीचा दंड, शहरातल्या बसगाड्या विजेवर, नरवाईसाठी शेतकऱ्याला भुसा करणारं यंत्र वेळेवर आणि परवडेल अशा भाड्यानं, या गोष्टींवर खर्च दिसला पाहिजे. तिसरी ठेक्याची. 2018 चे धुळीचे नियम न पाळणाऱ्या ठेकेदाराचं बिल अडवा, मग ते काम सिंहस्थाचं का असेना. आणि केंद्र सरकारकडे एक: शहरांची परीक्षा पीएम10 वर घेणं थांबवा आणि वीजकेंद्रांना दिलेली सूट मागे घ्या.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या वेळी नगरसेवक मतं मागायला दारात आला की रस्ता किती रुंद झाला ते विचारू नका, तो दिसतोच. आपल्या वॉर्डात पीएम2.5 किती आहे, ते विचारा. त्याला ते सांगता आलं नाही, तर त्यानं धुळीचं नाव घेतलं तरी ऐकून घेऊ नका.